फोटो फिका आला तर दोष कुणाचा? ॲन्सेल ॲडम्स आणि त्याची एकुलती एक निगेटिव्ह

फोनवर फोटो उघडला आणि जरा धुरकट वाटला, की आपण काय करतो? एडिटमध्ये जायचं, कॉन्ट्रास्टची पट्टी उजवीकडे सरकवायची, झालं. नाही आवडलं तर अनडू. दोन सेकंदांचं काम. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोसाठी हेच काम हाती घेतलं, तेव्हा फोटो काढून सात वर्षं उलटली होती. त्याच्याकडे अनडू नव्हतं. निगेटिव्ह एकच होती, आणि तिचा अर्धा भाग त्याने केमिकलमध्ये बुडवला.

तो फोटो म्हणजे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’. तुम्ही तो कुठे ना कुठे पाहिला असणार. वर जवळजवळ काळंकुट्ट आकाश, त्यात छोटासा चंद्र, खाली ढगांचा पांढरा पट्टा, लांबवर बर्फाचे डोंगर आणि सगळ्यात पुढे एक लहानसं गाव, चर्च आणि कबरींवरचे चमकणारे पांढरे क्रॉस. पण हीच निगेटिव्ह काहीही करामत न करता सरळ छापली, तर आकाश राखाडी दिसतं आणि गाव मळकट. म्हणजे आपण भिंतीवर पाहतो तो फोटो मुख्यतः डार्करूममध्ये तयार झालाय. कसा, ते बघू. त्यासाठी आधी या माणसाकडे वळावं लागेल.

वाकडं नाक, सुटलेली शाळा

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. आईवडिलांचा एकुलता एक. १९०६ मध्ये त्या शहराला मोठा भूकंप झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता. मुख्य धक्क्यात वाचला, पण नंतरच्या एका हादऱ्यात बागेतल्या भिंतीवर आपटला आणि नाक मोडलं. ते आयुष्यभर वाकडंच राहिलं. घरचा लाकडाचा धंदा होता, तोही पुढच्या एक-दोन वर्षांत बुडाला. शाळेत हा मुलगा टिकेना, एका जागी बसेना. शेवटी वडिलांनी शाळा सोडवून घरीच शिकवायचं ठरवलं. १९१५ मध्ये शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याचा वर्षभराचा पासच त्याला काढून दिला. त्या वर्षी प्रदर्शन हीच त्याची शाळा.

त्याच सुमारास तो पियानोकडे वळला. सुरुवात आपली आपणच केली, मग रीतसर शिक्षक. घरात न टिकणारं हे पोरगं पियानोपुढे तासन्‌तास बसायला लागलं. पुढची पंधरा एक वर्षं त्याला पियानोवादकच व्हायचं होतं, फोटोग्राफी बाजूला चालायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण डार्करूममध्ये ती परत येणार आहे.

१९१६ मध्ये घरचे सगळे योसेमिटीला फिरायला गेले. कॅलिफोर्नियातलं हे खोरं, हजार-हजार मीटर उंच ग्रॅनाइटचे सरळसोट कडे. तिथे वडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा बॉक्स ब्राउनी कॅमेरा ठेवला. एक डबा, पुढे लेन्स, मागे फिल्म. सेटिंग जवळजवळ नाहीतच. आपल्या घरातल्या पहिल्या साध्या कॅमेरा-फोनसारखंच समजा. त्यानंतर तो मरेपर्यंत दरवर्षी योसेमिटीला जात राहिला.

दुसऱ्या वर्षीच त्याने शहरातल्या एका फोटो धुऊन देणाऱ्याकडे अर्धवेळ काम धरलं. लोक रोल आणून टाकायचे, ते धुवायचे, प्रिंट काढायच्या. ज्यांनी रोलचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगतो. फिल्मवर चांदीचे प्रकाशाला संवेदनशील क्षार असतात. डेव्हलपरमध्ये बुडवली की जिथे प्रकाश पडला तिथे काळी चांदी तयार होते, उजेड जास्त तर चांदी जास्त. म्हणून सगळं उलटं दिसतं, ती निगेटिव्ह. मग एन्लार्जर नावाच्या यंत्रातून त्या निगेटिव्हमधून उजेड कागदावर पाडायचा, कागद पुन्हा डेव्हलपरमध्ये टाकायचा, आणि उलट्याचं पुन्हा सुलटं होतं. शेवटी फिक्सर, ज्याला आपल्याकडचे जुने स्टुडिओवाले हायपो म्हणायचे. आणि मग भरपूर पाणी.

यात गाडी अडते ती एका ठिकाणी. खऱ्या जगात उजेड आणि अंधार यांच्यातला फरक प्रचंड असतो. कागद मात्र गरीब. त्याचा पांढरा म्हणजे कागदाचाच रंग, त्याहून उजळ काही नाही. त्याचा काळा म्हणजे चांदीचा थर, त्यातूनही थोडा उजेड परततोच. एवढ्या छोट्या जागेत सगळं जग बसवायचं. नीट बसलं तर फोटो बोलतो. सगळे टोन मधल्या राखाडीत गर्दी करून बसले, तर प्रिंट मळकट. यालाच म्हणायचं लो कॉन्ट्रास्ट.

शेवटची प्लेट आणि लाल काच

१० एप्रिल १९२७. ॲडम्स पंचवीस वर्षांचा. योसेमिटीतल्या हाफ डोम या अवाढव्य कड्याचा फोटो काढायला तो चढून गेला. बरोबर काही मित्र आणि व्हर्जिनिया बेस्ट, जिच्याशी पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. पाठीवर मोठा कॅमेरा, ट्रायपॉड आणि मोजक्याच काचेच्या प्लेट्स, कारण एकेका प्लेटचं वजन. हवा तो फोटो समोर आला तेव्हा दोनच प्लेट्स उरल्या होत्या.

पहिल्या प्लेटवर त्याने पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. पण घेताघेताच त्याच्या लक्षात आलं की यात कडा बरोबर येईल, पण त्याला जे वाटतंय ते येणार नाही. आकाश नुसतं राखाडी दिसेल, कडाही राखाडी, दोघं एकमेकांत मिसळतील. मग त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते. निळं आकाश प्लेटवर जवळजवळ पोचतच नाही, म्हणून प्रिंटमध्ये ते काळं पडतं. निळ्याच उजेडावर जगणाऱ्या सावल्याही काळ्या होतात, आणि उन्हातला खडक उठून बाहेर येतो. शेवटच्या प्लेटवर हे घडलं. त्या फोटोचं नाव ‘मोनोलिथ’.

इथे ॲडम्सला जे सापडलं त्याला तो पुढे व्हिज्युअलायझेशन म्हणायला लागला. बटण दाबायच्या आधीच शेवटची प्रिंट डोळ्यांपुढे आणायची आणि मग तिच्याकडे जाणारा रस्ता शोधायचा. फोनवर फोटो काढून ‘नंतर फिल्टर मारू’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हे अगदी उलटं आहे. त्या लाल काचेने केलेलं काम नंतर डार्करूममध्ये करता आलं नसतं. निळं आणि राखाडी एकदा प्लेटवर सारखंच उमटलं, की ते वेगळं करायला काहीच माहिती उरत नाही.

१९३० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावी त्याची पॉल स्ट्रँड या फोटोग्राफरशी भेट झाली. स्ट्रँडकडे दाखवायला प्रिंट नव्हत्या, नुसत्या निगेटिव्ह होत्या. त्याच उजेडापुढे धरून बघितल्या आणि ॲडम्सचं ठरलं: पियानो नाही, फोटोग्राफी. १९३२ मध्ये त्याने एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक वगैरे मंडळींबरोबर ‘ग्रुप एफ/६४’ काढला. एफ/६४ म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र, ज्यात जवळचं-लांबचं सगळं टोकदार येतं. त्या काळी कलात्मक फोटो म्हणजे मऊ, धूसर, चित्रासारखा असा समज होता. या लोकांना ते मान्य नव्हतं.

१९३७ च्या उन्हाळ्यात योसेमिटीतल्या त्याच्या डार्करूमला आग लागली आणि पुष्कळ निगेटिव्ह जळाल्या. क्लाउड नाही, बॅकअप नाही. गेलं ते गेलं.

झोन : उजेडाची सरगम

१९४० च्या आसपास ॲडम्स लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवत होता. विद्यार्थ्यांचे फोटो कधी बरे यायचे, कधी फिके, आणि का ते कुणालाच सांगता यायचं नाही. फिल्मवर किती उजेड पडला की किती काळेपणा येतो, याचा आलेख हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये १८९० मध्येच मांडला होता. पण तो आलेख घेऊन डोंगरात कोण जाणार? ॲडम्स आणि त्याचा सहकारी फ्रेड आर्चर यांनी त्याचं सोपं रूप बनवलं, झोन सिस्टीम.

शून्य म्हणजे कागदाचा पूर्ण काळा, दहा म्हणजे कोरा पांढरा, पाच म्हणजे मधला राखाडी. एका झोनमधून दुसऱ्यात जायचं म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पियानो वाजवणाऱ्या माणसाने हे केलंय हे जाणवतं, सप्तकासारखंच आहे. लाइट मीटर ज्याच्यावर रोखाल त्याला तो पाचव्या झोनमध्ये टाकू बघतो. म्हणूनच पांढऱ्या भिंतीवर फोन रोखला तर भिंत करडी येते. मीटरचं ऐकायचं, पण त्या भिंतीला आठव्या झोनमध्ये बसवायचं हे आपण ठरवायचं.

दुसरा अर्धा भाग धुण्यातला. फिल्मच्या सावल्यांमध्ये किती तपशील येणार हे मुख्यतः एक्सपोजरवर ठरतं. उजळ भाग किती उजळ येणार हे मात्र डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवलं त्यावरही ठरतं. म्हणून ढगाळ दिवशी, सगळं सपाट दिसत असताना काढलेली फिल्म जास्त वेळ धुतली तर काळ्या-पांढऱ्यातलं अंतर वाढतं. कडक उन्हातली कमी वेळ धुतली तर ते आवरतं. माझ्या मते ॲडम्सचं सगळ्यात मोठं काम हेच, फोटोंपेक्षाही. फिका फोटो म्हणजे नशीब, हा समज त्याने मोडला. फिकेपणाला पत्ता असतो. तो कुठल्या टप्प्यावर आला ते शोधता येतं.

डार्करूममध्ये आजही लोक तसाच शोध घेतात. प्रिंट मळकट आली तर लगेच जास्त कॉन्ट्रास्टचा कागद घ्यायचा मोह होतो. थांबा. आधी कागदाची एक पट्टी खोलीतल्या दिव्याखाली धरायची आणि डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ ठेवायची. तुमच्या कागदाचा आणि डेव्हलपरचा जास्तीत जास्त काळा तो हा. तोच जर चॉकलेटी-राखाडी निघाला, तर बिचाऱ्या निगेटिव्हचा काही दोष नाही. डेव्हलपर थकलाय, जुना झालाय किंवा थंड आहे. बहुतेक पेपर-डेव्हलपरमध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन असे दोन घटक असतात. गडद काळे रंग भरण्याचं काम हायड्रोक्विनोनचं, आणि साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली ते झोपी जातं. थंडीत गार पाण्याने डार्करूम चालवणाऱ्यांना हा त्रास नेहमीचा.

मग दुसरी पट्टी, अजिबात उजेड न लागलेली. तिचे दोन तुकडे करायचे. एक थेट फिक्सरमध्ये, दुसरा आधी डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये. दुसरा पहिल्यापेक्षा जरासा जरी करडा आला तरी कागद जुना झालाय किंवा कुठून तरी उजेड लागतोय. लाल-नारिंगी सेफलाइट फार जवळ असेल, त्याची काच उडाली असेल, तर कागदावर हलकासा थर चढतो. हा थर कोऱ्या पांढऱ्यावर एकटा चटकन दिसतही नाही, पण फोटोतल्या उजळ भागात आधीच पडलेल्या उजेडाला जोडून त्यांना करडं करतो. त्याची परीक्षा अशी: एन्लार्जरखाली कागदाला थोडासा, हलका राखाडी येईल एवढा उजेड द्यायचा, मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली पाच-सात मिनिटं सोडायचं, आणि धुवायचं. नाण्याचा गोल दिसला की चोर सापडला.

एन्लार्जरच्या लेन्सवर बोटाचा ठसा असेल तरीही पांढरं मळतं. कारण गंमतशीर आहे. निगेटिव्हच्या पारदर्शक भागातून सर्वांत जास्त उजेड जातो, म्हणजे फोटोतल्या सावल्यांतून. लेन्स मळकी असली की तो उजेड पसरतो आणि शेजारच्या उजळ भागांवर सांडतो. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट लागलं की उलटं होतं, उजेड सावल्यांवर सांडतो आणि काळं धुरकटतं. दोन्हीवर उपाय स्वच्छ कापड.

आणखी एक चूक नवशिके हमखास करतात. उजेड जास्त दिला की प्रिंट डेव्हलपरमध्ये भराभर काळी पडायला लागते, घाबरून अर्ध्या वेळात उचलतात. काळं पूर्ण भरलेलं नसतं, पांढरं मात्र करडं झालेलं असतं. प्रिंट उचलायची नाही, पुढच्या वेळी उजेड कमी द्यायचा.

हे सगळं ठीक निघालं, तरच संशय निगेटिव्हवर आणि कागदाच्या ग्रेडवर घ्यायचा. ग्रेड ० म्हणजे मऊ, ५ म्हणजे कडक. आधी उजेडाची वेळ अशी ठरवायची की उजळ भाग बरोबर येतील, मग काळ्याकडे बघायचं. काळा राखाडी दिसत असेल तर ग्रेड एकाने वाढवायची. बदलत्या कॉन्ट्रास्टचे कागद वापरत असाल तर तेच काम फिल्टरने होतं, किरमिजी म्हणजे कडक, पिवळा म्हणजे मऊ. पण एका आजारावर ग्रेडचा उपाय चालत नाही. फोटोचा एक तुकडा ठीक आणि दुसरा तेवढा सपाट असेल, तर ग्रेड वाढवून ठीक असलेला तुकडाच हातचा जातो. ॲडम्सची ‘मूनराइज’ याच जातीची होती.

रस्त्याकडेला थांबलेली गाडी

१९४१ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत विभागाने ॲडम्सला सरकारी इमारतींसाठी मोठे फोटो काढायचं काम दिलं होतं. शरद ऋतूत तो न्यू मेक्सिकोत फिरत होता, बरोबर आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. चामा खोऱ्यात दिवसभर काही मनासारखं मिळालं नव्हतं. परत सांता फेकडे येताना डावीकडे हर्नांडेझ गाव दिसलं. वर चंद्र आलेला, मागे मावळतीचा सूर्य ढगाआड जायच्या बेतात, आणि त्याचा शेवटचा उजेड कबरस्तानातल्या क्रॉसवर.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि सगळ्यांची धावपळ सुरू झाली. आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, गडद पिवळा फिल्टर लावला, फोकस केला. आणि लाइट मीटर सापडेना. गाडीत कुठेतरी होता, पण शोधायला वेळ नव्हता. तेव्हा त्याला आठवलं की चंद्राची चमक किती असते हा आकडा आपल्याला पाठ आहे, दर चौरस फुटाला २५० कँडल. तो आकडा सातव्या झोनमध्ये बसवला, मनातल्या मनात हिशेब केला: एफ/३२, एक सेकंद. शटर दाबलं. दुसरा फोटो घ्यायला होल्डर उलटा करेपर्यंत क्रॉसवरचा उजेड गेला.

एवढ्या घाईत त्याने चंद्र वाचवला होता. पण पुढच्या गावाला किती उजेड मिळाला हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आपल्या फोनसारखं लगेच स्क्रीनवर बघायची सोय नाही, आणि पुन्हा काढायचा म्हटलं तर तो क्षण संपलेला.

घरी येऊन त्याने निगेटिव्ह फार जपून धुतली. साधा, मऊ डेव्हलपर घेतला आणि सोबत नुसत्या पाण्याचा ट्रे. फिल्म तीस सेकंद डेव्हलपरमध्ये, मग दोन मिनिटं पाण्यात न हलवता, असं दहा वेळा. यामागची युक्ती अशी की फिल्म डेव्हलपर शोषून घेते. पाण्यात असताना उजळ भागांतला डेव्हलपर लवकर संपतो, कारण तिथे काम जास्त. सावल्यांमध्ये काम थोडं, त्यामुळे तिथला डेव्हलपर पुरतो आणि त्या हळूहळू भरत राहतात. आजच्या भाषेत सांगायचं तर हा बादलीतला एचडीआर. चंद्र जळाला नाही आणि गावात जेवढं काही होतं ते सगळं बाहेर आलं.

तरीही जमीन पातळच राहिली. निगेटिव्हच्या खालच्या भागात चांदी फारच कमी. प्रिंटमध्ये याचा अर्थ झुडपं, भिंती, घरं सगळी जवळजवळच्या गडद राखाडीत. आकाश हवं तसं गडद करायला तो वरच्या भागाला जास्त वेळ उजेड द्यायचा, याला बर्निंग म्हणतात. खालचा भाग उजळायला मध्ये हात किंवा पुठ्ठा धरून उजेड अडवायचा, ते डॉजिंग. फोटोशॉपमध्ये या दोन टूलची चिन्हं बघा, डॉजिंगला दांडीवरचा गोल पुठ्ठा आणि बर्निंगला मुठीसारखा हात. ते थेट डार्करूममधून आलेत.

पण डॉजिंगची एक मर्यादा आहे. गडद राखाडीतली गर्दी उचलून तुम्ही फिक्या राखाडीत नेऊ शकता, गर्दी मात्र तशीच राहते. अंधाऱ्या फोटोत फोनवर शॅडोची पट्टी पूर्ण सरकवून बघा, काळोख जातो आणि जागी पांचट राख येते. उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हर्नांडेझ गावाला कॉन्ट्रास्ट हवा होता. तरीही हा फोटो १९४३ च्या ‘यू. एस. कॅमेरा’ वार्षिकात छापून आला, लोकांना आवडला, मागणी सुरू झाली. प्रत्येक प्रिंटला तीच झटापट.

१९४८ : निगेटिव्ह पुन्हा पाण्यात

शेवटी १९४८ मध्ये त्याने ठरवलं की दुखणं निगेटिव्हमध्ये आहे तर उपाय तिथेच करायचा. इंटेन्सिफायर नावाचं केमिकल असतं. ते निगेटिव्हमधल्या चांदीवर आणखी चांदी चढवतं. मुद्दा असा की जिथे आधी जास्त चांदी आहे तिथे जास्त चढते, जिथे थोडी तिथे थोडी, आणि जिथे काहीच नाही तिथे काहीच नाही. म्हणजे नवा तपशील येत नाही, पण असलेल्यातलं अंतर वाढतं. नेमकं हेच पाहिजे होतं.

धोका काय, हे बघा. दुसरी निगेटिव्ह नाही. आधीच्या धुण्यात कुठे फिक्सर राहिलं असेल तर डाग पडणार. केमिकल क्षितिजाच्या वर गेलं तर डोंगर आणि ढग बिघडणार. एकाच रेषेत थांबलं तर फोटोवर कायमची आडवी रेघ. आणि एकदा केलं की परत आधीसारखं करता येईलच असं नाही. नाव झालेला, पैसे देणारा फोटो, ज्याच्या प्रिंट आत्ता कशाबशा का होईना निघतायत, तो या सगळ्यात घालायचा. आगीत निगेटिव्ह गमावलेल्या माणसाने.

त्याने आधी निगेटिव्ह पुन्हा फिक्स केली आणि नीट धुतली. मग इंटेन्सिफायर पातळ करून घेतलं, म्हणजे परिणाम हळू होईल. क्षितिजाखालचा भाग तेवढाच द्रावणात आत-बाहेर हलवत ठेवायचा, सुमारे एक मिनिट. हलवत राहिल्यामुळे रेघ उमटत नाही. मग पाण्यात धुवायची, उजेडात बघायची, पुन्हा बुडवायची. असं बारा एक वेळा केलं, गावाला हवी तेवढी घनता आली असं वाटेपर्यंत. मग थांबला.

निगेटिव्ह वाचली. जमिनीला जान आली, क्रॉस सुटे दिसायला लागले. त्यानंतरही प्रिंट काढणं सोपं झालं असं नाही. आकाशात हलके ढग होते, ते घालवायला बर्निंग लागायचंच. हे सगळं तो घड्याळाकडे न बघता मेट्रोनोमच्या टकटकीवर मोजून करायचा, संगीताच्या रियाजाला वापरतात त्याच यंत्रावर. हात कधी खाली, कधी वर, कितव्या ठोक्याला बाजूला, सगळं ठरलेलं. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो सांगायचा ते काही उगाच नाही. आणि वादन बदलत गेलं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच उजळ आहे, ढगही दिसतात. जसं वय वाढलं तसं आकाश काळं होत गेलं. मला स्वतःला मधल्या काळातल्या प्रिंट जास्त आवडतात, शेवटच्या काहींमध्ये आकाश जरा नाटकी होतं.

या एका निगेटिव्हवरून त्याने तेराशेहून जास्त प्रिंट काढल्या असं मानलं जातं. १९४८ मधली एक प्रिंट २००६ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ६,०९,६०० डॉलरला गेली. ॲडम्सने मात्र आयुष्यातली बरीच वर्षं घर चालवायला कंपन्यांसाठी जाहिरातीचे आणि मासिकांचे फोटो काढले. नुसत्या प्रिंटवर भागायला लागलं ते उतारवयात. १९७५ च्या शेवटी त्याने नव्या ऑर्डरी बंद केल्या, तर त्याआधी एवढी झुंबड उडाली की हातातल्या पूर्ण करायला पुढची काही वर्षं गेली.

एक गोष्ट त्याला कधीच जमली नाही, तारखा लिहून ठेवणं. ‘मूनराइज’ कुठल्या वर्षीचा, हे तो दर वेळी वेगळं सांगायचा. आपल्या फोनमध्ये फोटोबरोबर तारीख-वेळ आपोआप साठते, त्याच्याकडे फक्त चंद्र होता. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरूनच गणित केलं. आधी ३१ ऑक्टोबर १९४१ असं उत्तर आलं, नंतर सुधारून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं.

मायक्रोवेव्हमधली प्रिंट

१९६२ मध्ये तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्मेलजवळ राहायला गेला आणि तिथे मोठी डार्करूम बांधली. तिथल्या एन्लार्जरच्या दिव्याला अनेक छोटे बल्ब होते, प्रत्येकाला स्वतंत्र बटण, म्हणजे फोटोच्या ज्या कोपऱ्याला उजेड कमी हवा तिथला बल्बच बंद. आणि डार्करूममध्ये मायक्रोवेव्ह ओव्हन. जेवणासाठी नाही. ओली प्रिंट नेहमी चमकदार, भरदार कॉन्ट्रास्टची दिसते. वाळली की उजळ भाग थोडे मंदावतात आणि सगळं जरा बसकं वाटतं. रात्री ट्रेमध्ये झकास दिसलेली प्रिंट सकाळी फिकी का, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. म्हणून तो चाचणीची पट्टी मायक्रोवेव्हमध्ये झटपट वाळवून मगच निर्णय घ्यायचा. शेवटी सेलेनियम टोनरमध्ये प्रिंट बुडवायची, त्याने काळा आणखी गडद होतो आणि चांदी टिकतेही जास्त.

हे सगळं त्याने लपवून ठेवलं नाही. ‘द कॅमेरा’, ‘द निगेटिव्ह’ आणि ‘द प्रिंट’ ही तीन पुस्तकं त्याने म्हातारपणी, १९८० ते १९८३ या काळात नव्याने लिहून काढली, केमिकलच्या प्रमाणांसकट. ‘द निगेटिव्ह’मध्ये तर त्याने पुढे येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फोटोंची वाट बघत असल्याचंही नोंदवलंय. तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता.

२२ एप्रिल १९८४ रोजी ॲडम्स गेला. त्याच्या निगेटिव्ह ॲरिझोना विद्यापीठाच्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीमध्ये, टुसॉन शहरात आहेत. हे केंद्र उभं करण्यात त्याचा स्वतःचा हात होता. ‘मूनराइज’ची निगेटिव्हही तिथेच आहे, क्षितिजाच्या वर १९४१ ची आणि खाली १९४८ ची.